सीताफळाला दाखवलेलं बोट

गुडघ्यांचं कारण मला सांगू नका. ज्या बाईचा अजिंक्यताऱ्यावरचा फोटो परवाच तिच्या मुलाने गावभर पाठवला, पायात पांढरे बूट, डोक्याला रुमाल, मागे किल्ल्याचा दरवाजा, तोंडावर घाम आणि हसू दोन्ही, तिला विमानात चढवत नाही? चढायचं तरी काय आहे त्यात? बोळातून सरळ चालत जायचं आणि खुर्चीत बसायचं. चाकाची खुर्ची मागितली तर कुणीतरी ढकलत नेतं, वर सगळ्या रांगेच्या पुढे घालतं. मागच्या हिवाळ्यात तुमच्या घराला रंग काढला होता. यंदा गुडघे निघाले. पुढच्या वर्षी काय, मांजर व्यायलंय म्हणून कळवाल? आणि कळवलंत तेही स्वतः नाही. तुमच्या ऋषीच्या मोबाइलवरून, इंग्रजीत, दोन ओळी. पोटच्या पोरीला.

प्रिय सुनेत्राबाई,

प्रिय लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. चौथीपर्यंत शाळेत गेले त्यात पत्राचा मायना तेवढा पक्का बसला, बाकी गुरुजींचं काही डोक्यात राहिलं नाही. मी खुशाल आहे. तुम्ही खुशाल आहात ते फोटोत दिसलंच. तो विषय संपला.

फोन का केला नाही म्हणाल. तर या घरात फोन कानाला लावायची पद्धत नाही. टेबलावर ठेवतात आणि सगळं घर ऐकतं. आवाज भरून पाठवावा तर तुम्ही तो ओट्यापाशी उभ्या राहून मोठ्याने लावणार आणि तुमची भांडीवाली आधी ऐकणार. म्हणून कागद. आमच्या मागच्या घरातल्या गिरिजाची आई परवा पुण्याला निघणार आहे, तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात हे पत्र घातलंय. पुण्याहून ती साताऱ्याच्या गाडीने कुणाच्या तरी हाती पाठवेल. पाकीट डिंकाने चिकटवलंय. उघडलेलं दिसलं तर मला सांगा, तिच्याकडे मी पुढच्या खेपेला बघेन.

आधी कुंड्यांची खबर देते, कारण इथे माणसांच्या आधी त्यांचीच विचारपूस होते. आंबा आहे अजून. उंची माझ्या खांद्याएवढी आणि तोरा देवगडचा. फेब्रुवारीत मोहर आला होता म्हणे, गुरूने त्याचे फोटो काढून चार राज्यांत पाठवले, आणि झडलेला मोहर मी मे महिन्यात आले तेव्हाही सोफ्याखाली होता. चिकूचं झाड आहे, त्याला चिकू नाहीत. केळीचं एक पान सुरळीतून बाहेर येतं तोवर मागचं एक वाळतं, असा तिचा संसार. पपई मेली. तिला मात्र मी सुटलीस म्हणाले. प्रत्येक कुंडीत एक काळा काटा खुपसलेला आहे, तुम्ही गेल्यानंतरचं नवं खूळ. मातीला तहान लागली की तो काटा गुरूच्या मोबाइलवर निरोप धाडतो, आणि माझा लेक ऑफिसात चालू मीटिंगमधून बायकोला कळवतो की चिकूला पाणी हवंय. नात सिया जन्मली तेव्हापासून मी या घरात येते-जाते. माझ्या तहानेचा निरोप अजून कुणाच्या मोबाइलवर गेलेला नाही.

आणि सीताफळ. त्याच्यावर मला पानंच्या पानं लिहिता येतील, पण डिंकाचं पाकीट लहान आहे. आमच्या सासवडकडे डोंगरावर सीताफळ कुणी लावत नाही. पाखरं खातात, बी टाकतात, दगडाच्या फटीत ते आपलं आपण उगवतं. त्याच्या पाल्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. त्याला कुणी पाणी घातल्याचं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. लहानपणी गुरूला बांधावरची चार सीताफळं काढून आण म्हटलं तर मुंग्या चावतात म्हणून रडत परत यायचा. त्याच गुरूने अमेरिकेत ॲन आर्बरच्या बर्फात ते झाड ड्रमाएवढ्या कुंडीत बसवलंय. वरून जांभळा दिवा, खालून ऊब देणारी गादी, थंडीचा कडाका वाढला की अंगावर पांघरूण. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं आत तमाशाचा फड लागलाय. मी बाळंतीण होते तेव्हा मला एक शेगडी मिळाली होती, तीही धुराची.

जूनमध्ये त्याला फुलं आली की नवरा-बायको सियाचा रंगाचा ब्रश घेऊन उभे राहतात. संध्याकाळी एका फुलातली धूळ डबीत झाडायची, रात्रभर फ्रिजमध्ये लोण्याशेजारी ठेवायची, सकाळी दुसऱ्या फुलात नेऊन लावायची. आमच्याकडे हे काम बारके किडे करतात आणि त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. मग शनिवारी सकाळी सगळे कुंडीवाले आपापल्या पडद्यावर जमतात. हर्नडन गावचा तो त्र्यंबक, त्याला तुम्ही बघितलंय, बोलताना भुवया उडवतो तो, त्याच्या कुंडीत यंदा पेरू लागला. लिंबाएवढा. तो त्याने कापून फोडी चार घरांत प्रसादासारख्या वाटल्या आणि ते खातानाचं सगळं पडद्यावर दाखवलं. पेरू तर पेरू, गुरू इकडे मोठमोठ्याने वा वा करत होता आणि दोन दिवस ताटावरून अर्धवट उठत होता. दुसऱ्याच्या पेरूने माणसाची भूक जावी, एवढी या लोकांची भरभराट झाली आहे.

तुमच्या-माझ्या पाळीचंही मला हसू येतं. उन्हाळा माझा, हिवाळा तुमचा. कुंड्या बाहेर निघतात तेव्हा मी येते, कुंड्या आत येतात तेव्हा तुम्ही. पोर सांभाळायला म्हणून ठरलं होतं. पोर आता शाळेत जाते, स्वतःचं दूध स्वतः ओतून घेते, आणि आपण दोघी विहिणी वर्षानुवर्षं एकमेकींना न भेटता विमानातून एकमेकींच्या डोक्यावरून जातो. मी तुमच्यासाठी मसाल्याच्या डब्यात तिखट भरून ठेवते, तुम्ही माझ्यासाठी गोधडी धुऊन ठेवता. एवढंच आपलं बोलणं. तुमच्या गोधडीला साबणाचा वास राहतो, ते एकदा सांगायचं होतं.

दोन हिवाळे तुम्ही आला नाहीत. मागच्या वर्षी मी काही मनावर घेतलं नाही. माणसाला घर रंगवावंसं वाटतं. यंदा मात्र मला कळलं तुम्ही का येत नाही ते, आणि ते मला तुम्ही सांगितलं नाही, तुमच्या हिमानीनेही नाही. सात वर्षांच्या पोरीने सांगितलं.

झालं असं. यंदा सीताफळाला चार फळं धरली. बाहेर अंगणात होती तेव्हा हिमानीने त्यांना जाळीच्या पिशव्या बांधल्या, खारींच्या भीतीने. इथल्या खारी मांजराएवढ्या असतात, ते खरं. पण तीन आठवड्यांमागे कुंड्या आत आल्या तरी पिशव्या तशाच. घरात खार कुठली? मी विचारलं तर असू दे आई, म्हणाली. आणि तुमच्याशी पडद्यावर बोलायला बसते तेव्हा खुर्ची अशी फिरवून बसते की मागे भिंत यावी, कुंडी येऊ नये. तुम्हाला वाटत असेल पोरगी मोकळ्या भिंतीपुढे बसते, घर आवरलेलं दिसावं म्हणून. तर तसं नाही.

एक दिवस मी पिशवी जरा वर करून बघत होते. फळ बऱ्यापैकी भरलं होतं, डोळे मोठे व्हायला लागले होते. सिया शाळेतून आली, तिला म्हटलं हे बघ केवढं झालं, आणि बोट दाखवलं. तिने दप्तर टाकलं, माझं बोट मुठीत धरलं आणि खाली ओढलं. घाबरली होती पोर. म्हणाली, “डोन्ट पॉइंट, आजी. सातारच्या आजीने पॉइंट केलं होतं, मग बेबी गेलं.”

सुनेत्राबाई, मी बोलणारी बाई आहे, हे तुमच्या घरात लग्नाच्या बैठकीपासून सगळ्यांना माहीत आहे. पण त्या वेळी मी नुसतं तिचं दप्तर उचलून खुंटीला लावलं.

संध्याकाळी हिमानी भाजी चिरत होती तेव्हा तिच्याशेजारी बसले आणि नीट विचारलं. मान वर न करता तिने सांगितलं. तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही इथे होतात, मी सासवडला होते. तरी माझ्या कानावर काय आलं ते लिहिते, कमी-जास्त असेल तर तुम्ही दुरुस्त करा. दोन वर्षांमागे, मी परत गेल्यावर, हिवाळ्याच्या तोंडाशी तुम्ही तुमच्या भिशीच्या बायकांना पडद्यावर कुंडी दाखवत होतात. अमेरिकेत सीताफळ म्हणजे नवल. एकेका फळाला बोट लावून हे एक, हे दुसरं, हे तिसरं असं चाललं होतं. आणि मग तेच बोट हिमानीच्या पोटाकडे वळवलंत आणि म्हणालात, इथलं जूनमध्ये. बायका हसल्या, तुम्ही हसलात, हिमानीसुद्धा हसली. पुढच्या काही दिवसांत फळं काळी पडून एकामागून एक गळली. आणि गुरू, माझा इंजिनिअर लेक, ज्याच्या कुंड्यांना मोबाइल आहेत, तो तुम्हाला म्हणाला, “आई, कोवळ्या फळाला बोट दाखवू नये एवढं तरी तुम्हाला माहीत असेल असं वाटलं होतं.”

मग ते दुसरं झालं. त्याचं मी इथे काही लिहीत नाही. त्यानंतर गुरू तुम्हाला एका शब्दाने काही बोलला नाही. बोलायची गरज काय होती? बोललेलं होतं ना आधीच. सीताफळावर बोललेलं वाक्य घरात तसंच पडून होतं, ते दुसऱ्या गोष्टीवर आपोआप जाऊन बसलं. तुम्ही ते उचललंत, पदरात बांधलंत आणि साताऱ्याला घेऊन गेलात. तेव्हापासून तुमचे गुडघे दुखतात.

आता माझ्या लेकाचं पुढचं कर्तृत्व ऐका. कुंड्या आत आणायच्या दिवशी मी दारात उभी राहून बघत होते. चाकांच्या फळीवर एकेक कुंडी ढकलत आणायची, दरवर्षीची वरात. एका बाजूला गुरू आणि दुसऱ्या बाजूला हिमानी अशी त्यांची जोडी असते, तुम्हाला माहीत आहे. यंदा गुरूने शेजारच्या गोऱ्या म्हाताऱ्याला हाक मारली. हिमानी नुसती हात मागे बांधून रस्ता दाखवत होती. गुरूने माशाचं खत कालवलं तर ती तोंडावर ओढणी धरून आत गेली आणि बराच वेळ आली नाही. गुरू म्हणाला, वास. मी म्हणाले, हो, वास. दरवर्षी तेच खत ती स्वतः कालवते, हातमोजेही घालत नाही, ते मी बोलले नाही.

सीताफळाची कुंडी काचेच्या दाराजवळ आली तेव्हा गुरू त्या म्हाताऱ्याला म्हणाला की इथे नको, पलीकडे घेऊ. त्या काचेच्या दारापाशी जमिनीत जाळी आहे, तिच्यातून हीटरचा गरम वारा येतो. मी कारण विचारलं. तर अगदी सहज, पाठ वाकवून चाक सरळ करता करता म्हणाला की त्या वर्षी बरोबर जाळीच्या तोंडावर ठेवली होती ना, म्हणून फळं गळली. कोरड्या वाऱ्याने देठ सुकतात. मागच्या हिवाळ्यात चिकूचं तेच झालं तेव्हा लक्षात आलं.

मागच्या हिवाळ्यात. म्हणजे तुम्ही तिकडे भिंतीला रंग देत होतात तेव्हा याला ठाऊक होतं. वर्षभर ठाऊक आहे. कुंडी हलवायची त्याला सुचली, फोन करायचा सुचला नाही. मी त्याला तिथेच, त्या म्हाताऱ्याच्या देखत विचारलं की हे तुझ्या सासूला कळवलंस का. तर म्हणतो, मी फक्त सीताफळाबद्दल बोललो होतो, त्यांनी ते एवढं लावून घ्यायचं कारण काय. मी म्हटलं, मग आता सांग. तर म्हणतो, आता इतक्या दिवसांनी तो विषय काढला तर ऑकवर्ड होईल. ऑकवर्ड हे इथलं दुखणं आहे. ताप, खोकला, ऑकवर्ड. त्याला औषध नाही आणि त्याच्याखाली माणसं सगळं झाकून ठेवतात, मेलेल्या उंदरावर पाटी घालावी तसं. तो गोरा म्हातारा मराठी समजत नव्हता तरी कुंडी सोडून घरी निघून गेला. शहाणा माणूस.

माझ्या लेकाची मी बाजू घेणार नाही, तसं तुमचीही घेणार नाही. तो मूर्ख आहे, पण तुम्ही त्याच्या मूर्खपणावर विश्वास ठेवलात, म्हणजे तुम्ही कोण? शाळेत मुलींना शिवण शिकवण्यात तुमची सगळी नोकरी सरली. बोट मशीनच्या सुईखाली रोज घातलंत. तेव्हा कधी त्या बोटाने कुणाचं काही बिघडवलेलं ऐकलं नाही. तुमच्या बोटात एवढी ताकद असती तर तुम्ही ते तुमच्या त्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला दाखवलं असतं, जो तुमची खोली सोडत नाही आणि रोज पाणी सांडतो. तो तर अजून ठणठणीत आहे. फळं वाऱ्याने गेली. आणि पोरीचं जे झालं ते डॉक्टरणीने तेव्हाच सांगितलं होतं, हिमानीने मला फोनवर सांगितलं होतं, की सुरुवातीपासूनच गर्भ नीट धरला नव्हता, कुणी काही केल्याने झालं नाही आणि कुणी काही न केल्याने टळलं नसतं. हे तिने मला सांगितलं आणि तुम्हाला सांगितलं नाही, कारण तिला वाटलं तुम्हाला माहीत असेल. तुम्ही विचारलं नाहीत, कारण तुम्हाला वाटलं तुम्हाला माहीत आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली. त्या कावळ्याने निदान पुढे दोन हिवाळे सगळ्या फांद्या टाकून दिल्या नसत्या.

आमच्या आईने मलाही शिकवलं होतं, कोवळ्या काकडीला, दुधीला बोट दाखवायचं नाही, दाखवलंच तर बोट दुमडून दाखवायचं. वेलाला पोरांनी सतत हात लावू नये म्हणून कुणा शहाण्या बाईने ते काढलं असेल. पोरं तिथे बोट नेतात, मग हात नेतात, मग काकडी तोडतात. एवढंच त्याचं पुराण. ते आमच्या परसातल्या काकडीसाठी होतं, ते तुम्ही लोकांनी अमेरिकेत आणून त्याच्यावर जांभळा दिवा लावलात.

म्हणून मी काय केलं ते सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी सिया दूध पीत होती तेव्हा मी चारही पिशव्या सोडून टाकल्या. तिला बोलावलं आणि तिच्यासमोर एकेका फळाला बोट दाखवलं. सरळ बोट, दुमडलेलं नाही. हे एक, हे दोन, हे तीन, हे चार. ती किंचाळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवलं, ती दाराआडून बघत होती. आता रोज दाखवते. आता ती स्वतः जवळ येऊन उभी राहते, हात पाठीमागे ठेवून. मधे एक फळ पडलं आणि पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ते गुरूच्या कोपराने पडलं, दिवा पुसताना, तिच्या डोळ्यांदेखत. मी म्हटलं, बघ, बोटाने पडत नाही, बापाच्या धांदरटपणाने पडतं. त्यावर ती पहिल्यांदा हसली. आता तीन आहेत.

हिमानी हे सगळं बघते. प्रयोगशाळेत काम करणारी मुलगी, तिचा बोटावर कसला विश्वास. पण रात्री मी झोपले असं समजून पिशव्या पुन्हा बांधते. सकाळी मी सोडते. आमच्या घरात सासू-सुनेचं भांडण सध्या एवढंच आहे.

तुम्ही एव्हाना ओळखलं असेल. नसेल ओळखलं तर तुम्ही दोन पोरं कशी वाढवलीत याचं मला आश्चर्य आहे. मला कुणी काही सांगितलेलं नाही, हे ध्यानात ठेवा. मी कुणाचा शब्द मोडत नाही, कारण मला कुणी शब्द दिलेला नाही आणि माझ्याकडून घेतलेलाही नाही. मला डोळे आहेत. ती माशाच्या खताला पळते, कुंडी उचलत नाही, आणि परवा दुपारी लोणच्याच्या बरणीत चमचा घालून उभी होती. तुम्हाला सांगत नाही, कारण मागच्या वेळी सांगितलं आणि नंतर तुम्ही तिच्यापासून तोंड लपवायला लागलात. तिला वाटतं आईला पुन्हा कशाला त्यातून न्यायचं. तुम्हाला वाटतं आपल्या सावलीपासून पोर लांब बरी. दोघी शिकलेल्या. मी तर म्हणते, तुमच्या घराण्यात कुणी एकमेकांशी बोलायला शिकवतच नाही की काय.

मला राहता येईल का, असं गुरूने विचारलं. सहा महिने संपत आले की सरकार हाकलतं, त्याचा अर्ज करू म्हणतो. मी नाही म्हटलं. सरकारसाठी नाही. हिमानी सोफ्यावर पडलेली असते, डोळे मिटून, चेहरा पिवळा, आणि माझी चप्पल वाजली की उठून बसते. केस बांधते. आई, चहा ठेवू का, म्हणते. मी कितीही सांगितलं पडून राहा, ती राहत नाही, मीही तिच्या वयाची असताना राहिले नसते. मी तिला चांगली सासू आहे, हे तिने तुम्हाला सांगितलं असेल, नसेल तर माझ्याकडून घ्या. पण सासू कितीही चांगली असली तरी तिच्यापुढे बाईला धड आजारीसुद्धा पडता येत नाही. त्याला आईच लागते, कितीही खुळी असली तरी. एक गोष्ट अजून. सीताफळाला मी रोज बोट दाखवते, पण तिच्याकडे दाखवत नाही. चुकूनसुद्धा नाही, भाकरी वाढतानासुद्धा हात वळवून वाढते. तो माझा शहाणपणा की भित्रेपणा ते तुम्ही आल्यावर ठरवा. माझ्या हातून ते होणार नाही. ते बोट तुमचं आहे.

तेव्हा तिकीट काढा. मी निघायच्या आधी या, एक आठवडा तरी आपण दोघी एका छताखाली राहू, मला तुम्हाला गोधडी कशी धुतात ते दाखवायचं आहे. गुरू डेट्रॉइटला विमानतळावर एकटा येईल, असं मी बजावलं आहे. गाडी सुरू करायच्या आधी जाळीचं, वाऱ्याचं सगळं तो स्वतःच्या तोंडाने तुम्हाला सांगेल आणि माफी मागेल. नाही मागितली तर गाडीत बसू नका, तिथेच बाकावर बसून राहा, मी येऊन बघते. तीन फळांपैकी एकाचे डोळे तोवर चांगले उघडलेले असतील. ते सियाला बोट दाखवून दाखवायचं, सरळ बोटाने, आणि त्याच हाताने उतरवून तांदळात ठेवायचं. पोरीने ते बघायला हवं. ती मोठी झाल्यावर हे डोक्यात घेऊन कुणाच्या घरी जाणार आहे, याचा तुम्ही विचार केला नाहीत, मी केला. हिमानीने विचारलं तर तिला म्हणा, मला सगळं माहीत आहे, झोप.

या पत्राचं उत्तर ऋषीने द्यायचं नाही. इंग्रजीत तर नाहीच. मलाही नको, मला उत्तराची काही पडलेली नाही. हे पत्र वाचाल त्याच संध्याकाळी तुम्ही स्वतः हिमानीला फोन लावायचा, आणि तिने टेबलावर ठेवला तर कानाला लाव म्हणायचं.

तुमचीच, लग्नाने गळ्यात पडलेली,
अहिल्या